अंगणातली भुतांची पंगत: पोरांच्या हातानं रांधायचं जेवण

आमच्या गावाच्या वेशीवर एक जुनी चिंच आहे. माझा पुतण्या सहा वर्षांचा असताना दिवेलागणीनंतर त्या चिंचेखालून यायचा नाही. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, तिथं हडळ बसते आणि तिची पावलं उलटी असतात. समजावून झालं, हात धरून नेऊन झालं, तरी तेच. मग एका संध्याकाळी मी पाटोडीचं बेसन थापत होते, तेव्हा त्याच्या हातात एक गोळा दिला आणि म्हटलं, "कर बरं तिची पावलं." त्यानं केली. पाच बोटं लावली, टाच मोठी केली आणि रश्श्यात बुडवून खाल्लीही. त्या दिवसापासून आमच्याकडे दर हिवाळ्यात भुतांची पंगत बसते.

ही पंगत कशी मांडायची ते पायरीपायरीनं सांगते. माप बारा माणसांचं आहे, त्यात पाचसहा पोट्टे धरलेले आहेत. पाहुणे वाढले तर त्या हिशोबानं वाढवा. एक गोष्ट मात्र सोडू नका: भूत पोरांसमोर, पोरांच्या हातून घडलं पाहिजे. मोठ्यांनी मागच्या खोलीत गुपचूप करून पुढ्यात ठेवलं, तर लहान पोर खरोखर घाबरतं आणि जेवत नाही.

दिवस कोणता धरायचा

नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर अर्धा होईपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. सोयाबीन निघून गेलेलं असतं, आंबिया बहाराची संत्री आलेली असतात, अंबाडीची लाल बोंडं मिळतात, कुंपणावर गोकर्ण फुललेली असते. नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे विदर्भात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पोरांच्या झोपेच्या आधी भरपूर अंधार मिळतो.

अमावस्या धरू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते रुचत नाही, आणि त्यांना नाराज करून पंगतीत गंमत येत नाही. त्यापेक्षा कृष्ण पक्षातली सप्तमी-अष्टमी पाहा. त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, त्यामुळे जेवणं होईपर्यंत अंगणात गर्द काळोख असतो.

आजूबाजूच्या घरांना आधी सांगून ठेवा. रात्री अंगणात दिवे, पावलं, विचित्र आवाज म्हटलं की गावात चर्चा सुरू होते. शेजारच्या काकूंनाच जेवायला बोलावलं तर प्रश्नच उरत नाही.

काय करायचं नाही

याबाबतीत मी कडक आहे. टोचलेलं लिंबू, कुंकू लावलेली बाहुली, काळा दोरा, चौरस्त्यावर ठेवतात तसा उतारा, यातलं काहीही सजावटीला वापरू नका. गावात या वस्तूंची खरी भीती आहे, आणि त्या भीतीपायी एखाद्या बाईवर संशय घेऊन तिचं जगणं नकोसं करणारी माणसंही आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो उगाच नाही. तिरडी, मडकं, राखेचा ढीग हेही नको. गेल्या वर्षभरात कोणाच्या घरी माणूस गेलेलं असेल, तर त्यांना बोलावताना आधी मोकळेपणानं विचारा.

दुसरी खबरदारी बियांची. पोरं भुतांसाठी डोळे शोधत फिरतात आणि नेमक्या गुंजा घेऊन येतात. लाल, वर काळा ठिपका, अगदी डोळ्यासारख्या. गुंज जहाल विषारी आहे, ती ताटाजवळसुद्धा येऊ देऊ नका. सीताफळाच्या काळ्या चकचकीत बियाही नकोत; त्यांची पूड उवा मारायला वापरतात आणि डोळ्यांत गेली तर इजा होते. धोतऱ्याचं काटेरी फळ दिसायला भुताटकीचं असलं तरी तेही विष. एरंडीही तशीच. रांगोळीचा किंवा होळीचा रंग अन्नात घालायचा नाही. आपल्या परसात खाण्याचे इतके रंग आहेत की विकतच्या रंगाची गरजच पडत नाही.

दोन दिवस आधी: आवतण

कोऱ्या कागदावर हळदीचं दाट पाणी फासून वाळवा. मग कपडे धुण्याचा साबण थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात काडी किंवा कापसाची वात बुडवून पिवळ्या कागदावर लिहा. अक्षरं लालभडक उमटतात. हळदीचा डाग साबणानं धुताना लाल होतो ते आपण रोज पाहतो, कुंकूही हळदीपासून चुना मिसळून करत आले आहेत, कारण तेच. हळद क्षारात लाल होते आणि आंबटात पुन्हा पिवळी. लिहिलेल्या अक्षरावर लिंबाचा रस लावला की अक्षर नाहीसं होतं. आमच्या पोरांनी एकदा अख्खी दुपार यातच घालवली आणि आवतणं लिहायची राहून गेली, म्हणून दोन दिवस आधीच बसवा.

आदल्या दिवशी: कोहळं आणि संत्र्याचे दिवे

पाचसहा किलोचं लाल कोहळं आणा, ज्याला पुण्याकडे लाल भोपळा म्हणतात. आमच्याकडे अख्खं कोहळं बायका आधी कापत नाहीत, घरातल्या पुरुषाकडून पहिला घाव घालून घेतात. ज्यांच्याकडे ही रीत आहे त्यांनी ती पाळावी. आमचे सासरे तेवढ्यासाठी विळा घेऊन ऐटीत बसतात. वरची टोपी कापून चमच्यानं गर खरवडा, भिंत एक बोट जाड ठेवा. डोळे आणि दात कोळशानं आखून मग सुरीनं काढा. सुरी मोठ्यांच्या हातात, आखणं पोरांचं. गर किसून तळायच्या गोड बोंडांसाठी ठेवा, बिया धुऊन उन्हात टाका, दुसऱ्या दिवशी मीठ लावून भाजल्या की पंगतीआधी तोंडात टाकायला होतात.

संत्र्याचे दिवे मला कोहळ्याहूनही आवडतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते म्हणून हे जमतं. संत्रं मधोमध आडवं धरून फक्त सालीला गोल चीर द्या, फोडींना सुरी लागू देऊ नका. मग अंगठा सालीखाली घालून हळूहळू फिरवा. देठाकडच्या वाटीत मधोमध पांढरा दोरा उभा राहतो, तो तुटू द्यायचा नाही, तीच वात. वाटीत दोन तृतीयांश खाद्यतेल घाला, दोरा तेलात भिजवून पाच मिनिटं थांबा आणि पेटवा. पहिल्या दोनतीन काड्या वाया जातात, मग धरतो. दुसऱ्या वाटीला डोळे-तोंड कापून आणि डोक्यावर पावलीएवढं भोक पाडून ती वर टोपीसारखी ठेवा. आतून नारिंगी उजेड येतो आणि अंगणभर संत्र्याचा वास सुटतो. दोरा तुटलाच तर कापसाची वात लावा.

हे दिवे ठेवायचे कुठे, याचा विचार मात्र करा. हे दिवस कापसाचे. घरात, ओसरीवर कापूस भरलेला असेल, मागे पऱ्हाट्या आणि कडबा रचलेला असेल, तर दिवा फक्त मोकळ्या अंगणात, रेती पसरलेल्या ताटलीत, आणि बाजूला पाण्याची बादली. ओसरीवर विजेचा कंदील पुरे.

सकाळी: रंग काढून ठेवायचे

तीन गंजांत, म्हणजे पातेल्यांत, तीन रंग. हे काम दहाच्या आत उरकलं की दिवसभर मोकळीक मिळते.

निळा गोकर्णाचा. गडद निळी ताजी फुलं ४० घ्या, हिरवे देठ काढा, लिटरभर पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि गाळा. पाणी कसं आहे यावर इथं बरंच अवलंबून असतं. बोअरचं जड पाणी असेल, किंवा अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं, तर निळा रंग मळकट हिरवट होतो. फिल्टरचं पाणी वापरा.

लाल अंबाडीच्या बोंडांचा. पाव किलो ताजी बोंडं, आतली बी काढलेली, दीड लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळून गाळा. ३०० ग्रॅम साखर, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ. हे झालं रक्तसरबत. माठातल्या पाण्यानं हवं तेवढं पातळ करा. स्टीलचंच भांडं घ्या. हा पदार्थ आंबट आहे, कल्हई नसलेल्या पितळेत किंवा ॲल्युमिनियमच्या गंजात करू नका. लोखंडात रंगही काळवंडतो.

गुलाबी बिटाचा. दोन बिटं किसून दोन वाट्या पाण्यात फक्त चारपाच मिनिटं उकळा, लिंबू पिळा, गाळा. बिटाचा रंग आगीवर फार वेळ राहिला की विटकरी होतो. आंबट घातलं की टिकतो.

याच वेळी अंडी खाणाऱ्या घरांनी बारा अंडी मुंज्याच्या डोळ्यांसाठी चढवावीत. एरवी अंडं नऊदहा मिनिटांत उतरवतो, पण इथं पंधरा मिनिटं उकळू द्या. जास्त उकळलं की पिवळ्या बलकाभोवती हिरवट-करडी कड येते, बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन. रोजच्या जेवणात ती नको असते, डोळ्यात मात्र शोभते. थंड झाल्यावर अंडं पाटावर हलकं लोळवून कवच तडकवा, सोलू नका, आणि वेगळ्या बिटाच्या पाण्यात तीन तास बुडवा, थंड जागी. सोलल्यावर पांढऱ्यावर लाल शिरांचं जाळं उमटलेलं दिसतं. आडवं कापायचं, बलकावर काळ्या मनुकेचा तुकडा दाबायचा. मुंजा पिंपळावर राहतो, म्हणून हे डोळे पिंपळाच्या पानावर मांडा, पान आधी धुऊन पुसून.

दुपारी: काळा रस्सा आणि हडळीची पावलं

हा पंगतीचा मुख्य पदार्थ. दिसायला कितीही भुताटकीचा असला तरी चवीत तडजोड नको. पाहुणा बोटं चाटत उठला पाहिजे.

चार मोठे कांदे सालासकट चुलीच्या इंगळांत टाका, वरचं साल कोळसा होईपर्यंत. १०० ग्रॅम सुकं खोबरं चिमट्यात धरून जाळावर काळपट भाजा. तव्यावर कोरडे भाजायचे: दोन मोठे चमचे खसखस, तेवढेच धने, चमचाभर शहाजिरं, दहाबारा मिरी, पाचसहा लवंगा, बोटभर दालचिनी, दोन मसाला वेलच्या आणि चार फुलं दगडफूल. दगडफूल विसरू नका, रश्श्याला जो खोल, मातकट वास येतो तो त्याचाच. शेवटी तव्यावर दोन चमचे ज्वारीचं पीठ तांबूस करून घ्या, त्यानं रस्सा मिळून येतो. लसणाच्या वीस पाकळ्या आणि दोन बोटं आलं घालून सगळं पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये गंधासारखं वाटा. कांद्याचं फक्त जळकं टरफल काढा, आतली करपलेली पाकळी राहू द्या. काळेपण तिथून येतं.

दीड वाटी तेलात वाटण टाका आणि मंद आचेवर परता. घाई इथंच नडते. वाटणाच्या कडेनं तेल सुटेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मग हळद, मीठ, चार चमचे तिखट, आणि अडीच लिटर कढत पाणी. गार पाणी घातलं तर तर्री वर येत नाही. अर्धा तास उकळू द्या.

पोरांसाठी रश्श्यात तिखट निम्मंच घाला आणि तर्री वेगळी काढा: पाव वाटी तेल कडक तापवून उतरवा, दोन मिनिटं थांबा, मग त्यात दोन चमचे भिवापुरी मिरचीचं तिखट. तेल फार गरम असताना टाकलं तर करपून काळं पडतं, कोमट झाल्यावर टाकलं तर रंग सुटत नाही. मधली वेळ साधली की लालभडक तेल तयार होतं. ज्याला सोसेल त्यानं आपल्या वाटीत रक्त ओतून घ्यावं.

पावलांसाठी चार वाट्या बेसन, सात वाट्या पाणी. तेलात जिरं, हिंग, आलं-लसूण-हिरव्या मिरचीचा गोळा, हळद घालून पाणी ओता, मीठ घाला, आधण आलं की बेसन बारीक धारेनं सोडा आणि दुसऱ्या हातानं सराट्यानं सतत हलवा. गुठळ्या मोडा. झाकण ठेवून दोन वाफा. गोळा कढईची कड सोडतो तेव्हा झालं. ओंजळभर चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिसळा.

गोळा हाताला सोसेल इतका निवला की पोरांना बसवा, तेल लावलेल्या ताटाभोवती. गार झाला तर भेगा पडतात, म्हणून उशीर नको. लिंबाएवढा गोळा लांबट थापायचा, मधे अंगठ्यानं एका बाजूला खोलगट दाबायचा, म्हणजे तळव्याचा आकार येतो, आणि पुढे पाच फुटाण्याएवढ्या गोळ्या. कोणाच्या पावलाला सहा बोटं होतील. होऊ द्या, हडळच ती. तासभर घट्ट होऊ द्यावं आणि वाढताना ताटलीत जेवणाऱ्याकडे टाच करून मांडावं, वरून रस्सा.

चकव्याचे डोळे: निळा गोळाभात

चकवा रात्रीच्या वाटसरूला शेतात गरगरा फिरवतो, पहाटेपर्यंत तिथल्या तिथंच. हा भातही रंग फिरवतो.

अर्धा किलो तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. दोन मोठ्या वाट्या, म्हणजे जवळपास ३०० ग्रॅम हरभरा डाळीच्या भरड्यात पाच चमचे कडकडीत तेलाचं मोहन, मीठ, जिरं, हिंग, चमचाभर धनेपूड, वाटलेली हिरवी मिरची आणि सांबार. गोळा वळेल इतकंच पाणी. हळद आणि सोडा घालायचा नाही. हळद भातात उतरून निळ्याचं हिरवं करते, सोड्यानं निळा रंग बिघडतो. सुपारीएवढे गोळे करा, प्रत्येकात एक शिजलेला देशी हरभरा बुबुळासारखा दाबा. हरभरे लोखंडी कढईत आवळ्याची फोड टाकून उकळले की काळेशार होतात.

पातेल्यात तेलाची फोडणी, तांदूळ परता, गोकर्णाचं पाणी आणि लागेल तसं साधं गरम पाणी मिळून तांदळाच्या सव्वादोन पट, मीठ. पाणी आटत येऊन तांदूळ निम्मे शिजले की गोळे बुबुळ वर करून अलगद रचा, झाकण घट्ट लावा, वीस मिनिटं मंद आच. मधे ढवळायचं नाही.

वाढल्यावर प्रत्येकाच्या हातात लिंबाची फोड द्या. निळ्या भातावर पिळली की भात पिळल्या जागी जांभळा होतो. शेजारच्या काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा हात मागे घेऊन म्हणाल्या, "माय वो, हे काय झालं!" माझ्या दहा वर्षांच्या मुलीनं लगेच समजावून सांगितलं, गोकर्णाला आंबट लागलं की असं होतं, काकू, तुमच्या कुंपणावरचीच फुलं आहेत ती. पंगत मांडायची ती या क्षणासाठी. वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीचं गरम तेल घ्यायला विसरू नका, त्यावाचून गोळाभात घशाखाली उतरत नाही.

काळ्या मातीतली गांडुळं

हा सोपा आहे. घरच्या गव्हाच्या हातशेवया पाव किलो, तेलावर भाजून मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात शिजवून निथळायच्या, मग गरम असतानाच बिटाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून पुन्हा निथळायच्या. लसणाची फोडणी. परातीत जवस आणि कारळाची चटणी काळ्या मातीसारखी पसरायची, त्यात शेवया अर्ध्या पुरायच्या.

पहिल्या वर्षी मी याला बोंडअळी म्हटलं होतं. गुलाबी होत्या, नाव आपसूक सुचलं. परात मधे आली आणि मोठ्या माणसांची पंगत गप्प झाली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कापसाचं काय केलं ते त्या पंगतीतल्या प्रत्येकानं आपल्या शेतात पाहिलेलं होतं. माझ्या दिरांनी हात लावला नाही. मला फार लागलं ते, कारण मी विचार करायला हवा होता. भूत खोटं असतं म्हणून त्याच्याशी खेळता येतं. जे खरोखर घर बुडवतं त्याच्याशी जेवताना खेळू नये. पुढच्या वर्षी त्याच शेवयांना पोरांनी गांडूळ नाव दिलं, आणि दिरांनीच पोरांना गांडूळ माती कशी भुसभुशीत करतं ते सांगत दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळी: बोंडं, धुराचा मठ्ठा आणि वाट

कोहळ्याचा अर्धा किलो कीस पाव किलो गुळात मऊ शिजवा, पूर्ण गार करा. वेलची, चिमूट मीठ, दोन चमचे रवा आणि मावेल तेवढी कणीक, साधारण ३०० ग्रॅम. पीठ भज्यांपेक्षा घट्ट. बोंडं हातानं सोडताना बोटं मुद्दाम ओढा, म्हणजे शेपट्या, पाय, शिंगं फुटतात. मंद आचेवर तळा. गुळामुळं बाहेरून लवकर लाल होतात आणि आत कच्ची राहतात.

मठ्ठ्याला धुंगार द्या. मठ्ठ्याच्या भांड्यात छोटी स्टीलची वाटी तरंगत ठेवा, तिच्यात निखारा, निखाऱ्यावर तुपाचे दोन थेंब, लगेच झाकण. चार मिनिटांनी वाटी काढून पुन्हा झाकायचं, आणि पंगतीत सगळ्यांसमोर झाकण एखाद्या पोराकडून उघडायचं. हे अंगणातच करा, निखारे बंद खोलीत नेऊ नका.

वाट काढायची ती तांदळाच्या पिठाच्या पातळ लेपानं. मूठ वळून करंगळीकडची बाजू लेपात बुडवून जमिनीवर टेकवली की पावलाचा ठसा येतो, बोटांची टोकं टेकवली की पायाची बोटं. गोकुळाष्टमीला अशीच पावलं काढतो. इथं ती फाटकातून पंगतीकडे येणारी, पण उलटी: टाच पुढे.

भाकरी, सगळ्यात शेवटी

भाकरी पंगत बसल्यावरच टाकायची. किलोभर ज्वारीचं पीठ, उकळतं पाणी घालून मळलेलं. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, कढत पाण्यानंच ती थापताना धरते. नेहमीसारखी थापा, पाणी लावा, तव्यावर पलटवा आणि इंगळाला लावा. टम्म फुगली पाहिजे, न फुगलेल्या भाकरीचं भूत होत नाही.

फुगलेली भाकर ताटलीत उतरवली की सुरीच्या टोकानं फक्त वरच्या पापुद्र्याला तीन चिरा द्या, दोन डोळ्यांच्या, एक तोंडाची. थांबू नका, लगेच. आतली कोंडलेली वाफ डोळ्यांतून आणि तोंडातून एकदम बाहेर पडते, संत्र्याच्या दिव्याच्या उजेडात ती पांढरी दिसते, आणि दोनचार श्वासांत भाकरीचा चेहरा हळूहळू बसत जातो, गाल खोल होतात. मग तोंडात लाल मिरचीचा ठेचा, पोरांसाठी लोण्याचा गोळा. पुतण्यानं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चुलीपाशी उकिडवा बसून विचारलं होतं, "मोठी आई, ह्याच्यातून जीव काहून निघून राह्यला?" जीव नाही रे, वाफ आहे, म्हटलं, पुढची चीर तू दे. आता दरवर्षी चिरा तोच देतो, सुरीऐवजी चमच्याच्या दांड्यानं.

वाढण्याचा क्रम असा ठेवा: सरबत आणि भाजलेल्या बिया बसल्याबरोबर, मग डोळे आणि गांडुळं, मग पावलं-रस्सा-भाकर, नंतर गोळाभात, शेवटी बोंडं. मठ्ठा मधे कधीही. विजेचा दिवा पहिला घास घेईपर्यंत चालू असू द्या. सगळं ताट उजेडात एकदा पाहून झालं की मग मालवा. पाचांच्या आतलं पोर असेल तर त्याच्या शेजारी त्याची आई बसवा.

गोष्टी जेवण झाल्यावर, हात धुऊन, शेकोटीपाशी. झोटिंगाच्या, वेताळाच्या पालखीच्या गोष्टी आमच्या सासूबाई सांगतात, आणि प्रत्येक गोष्ट संपली की ती त्यांनी कोणाकडून ऐकली तेही सांगतात.

झोपण्याआधी संत्र्याचा प्रत्येक दिवा स्वतः मोजून विझवा, शेकोटीवर पाणी मारा. अंडी आणि मठ्ठा उरला तर ठेवून देऊ नका. रस्सा एक उकळी काढून झाकून ठेवला की थंडीत सकाळपर्यंत टिकतो. उरलेल्या भुतांच्या भाकरी सकाळी कुस्करायच्या, कांदा, फल्लीदाणे आणि हिरव्या मिरचीची फोडणी देऊन कुटके करायचे, वर कालचा रस्सा. ते खायला पोरं न उठवता उठतात.